सज्जतेचं भाडं

अ‍ॅम्प्लिफायर कायम चालू ठेवावा, की ऐकून झालं की बंद करावा? व्हॉल्व्हच्या काळापासून हा वाद चालत आला आहे आणि दोन्ही बाजूंकडे मेलेल्या अ‍ॅम्प्लिफायरांची यादी तयार आहे. एक म्हणतो, सारखं चालू-बंद केल्यानं गेला. दुसरा म्हणतो, कधी बंदच न केल्यानं गेला. दोघंही खरं सांगतात. म्हणूनच वाद मिटत नाही.

यंत्र उष्णतेनं झिजतं आणि धक्क्यानं तुटतं. चालू ठेवलं की झीज पत्करली. बंद-चालू केलं की धक्का पत्करला. बटण आपल्या हातात आहे खरं, पण त्यानं निवडता येते ती फक्त नुकसानीची जात.

*

आधी झीज.

अ‍ॅम्प्लिफायरमध्ये सगळ्यात लवकर म्हातारा होतो तो इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर. दुरुस्तीच्या दुकानांत त्याला अजूनही कंडेन्सरच म्हणतात. अ‍ॅल्युमिनियमचा छोटा डबा, आत द्रवात भिजलेला कागद, तळाला रबरी बूच. त्या बुचातून तो द्रव वर्षानुवर्षं कणाकणानं उडत राहतो. कमाल तापमान डब्यावर छापलेलं असतं आणि त्या तापमानाला तो किती तास टिकेल, ते कंपनीच्या माहितीपत्रकात. समजा, ८५ अंशांना २,००० तास. दर दहा अंश उताराला आयुष्य दुप्पट, हा इंजिनिअरांचा जुना ठोकताळा. पेटीच्या आत ५५ अंश असतील, तर तीनदा दुप्पट: १६,००० तास.

वर्षाचे तास होतात ८,७६०. हा अ‍ॅम्प कायम चालू ठेवला, तर कंडेन्सरचा हिशेब दोन वर्षांच्या आत संपतो. रोज तीन तास ऐकलं, तर तोच हिशेब साडेचौदा वर्षं पुरतो.

आता त्याच जागी १०५ अंशांचा, ५,००० तासांचा कंडेन्सर बसवून पाहा. ५५ अंशांना त्याचे होतात १,६०,००० तास. म्हणजे रात्रंदिवस चालवूनही अठरा वर्षं. आपण ज्यावर तावातावानं भांडतो, त्याचा निकाल पुष्कळदा कारखान्याच्या खरेदी विभागात आधीच लागलेला असतो.

*

या ठोकताळ्याचं मूळ साखरेत आहे. स्वीडनच्या स्वांटे अरेनियस यांनी १८८९ साली उसाच्या साखरेचं आम्लात विघटन होण्याचा वेग तापमानाबरोबर कसा वाढतो, ते सूत्रात बसवलं. साखरेला लागू पडलेला नियम पुढं कंडेन्सरला लागू पडला, औषधाच्या गोळीला लागू पडला, बॅटरीलाही.

उष्णता घाई करते. कशाची घाई, हे तिला ठाऊक नसतं.

*

आता धक्का.

बटण दाबण्याच्या क्षणी कंडेन्सर रिकामे असतात आणि ट्रान्सफॉर्मरचा गाभा बेसावध. पहिल्या काही क्षणांत अ‍ॅम्प्लिफायर नेहमीच्या कित्येक पट विजेचा घोट घेतो. मोठ्या अ‍ॅम्पला म्हणूनच सॉफ्ट स्टार्ट द्यावा लागतो. स्पीकर वाचवायला रिले असतो. तीन-चार सेकंद थांबून तो ‘टक्’ करतो आणि मगच आवाज स्पीकरकडे सोडतो. तो ‘टक्’ म्हणजे आतली धांदल संपल्याची वर्दी.

त्यानंतरचा धक्का ऐकू येत नाही. तांबं, सिलिकॉन, सोल्डर आणि फायबरचा बोर्ड हे सगळे तापतात एकत्र, पण फुगतात आपापल्या मापानं. रोज तापलं-निवलं की सोल्डरच्या डागाभोवती केसाएवढी भेग पडते. दुकानदार बोर्डकडे बघून म्हणतो, “ड्राय सोल्डर झालंय.” १९५०च्या दशकात कॉफिन आणि मॅन्सन या दोन अमेरिकी संशोधकांनी अशा थकव्याचं गणित मांडलं. ताण किती आणि तो किती वेळा आला-गेला, यावर धातूचं आयुष्य ठरतं.

उष्णता धातूला सोसते. तिची ये-जा सोसत नाही.

जुना अ‍ॅम्प बहुधा बटण दाबतानाच जातो, आणि दोष बटणाला लागतो. आजार आधीचाच असतो. बटणानं तो फक्त जाहीर केला.

*

तिसरंही एक मरण आहे. त्याच्याबद्दल दोन्ही पक्ष गप्प असतात, कारण ते दोघांच्याही घरात घडतं. ते म्हणजे विसर पडणं.

वर्षानुवर्षं न लावलेल्या कंडेन्सरच्या आतला ऑक्साइडचा पातळ थर विरत जातो. वीज अडवणं हे त्या थराचं काम, आणि विजेच्या दाबाखालीच तो थर जिवंत राहतो. पुण्याच्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला माळ्यावरून उतरवलेला अ‍ॅम्प घेऊन जा. जाणता मेकॅनिक तो थेट २३० व्होल्टला लावणार नाही. मध्ये शंभर वॅटचा साधा, तारेचा बल्ब सिरीजमध्ये घालेल. बटण दाबलं की बल्ब झगझगीत पेटतो, कारण रिकामे कंडेन्सर अधाशासारखी वीज ओढत असतात. मग उजेड उतरतो, तांबूस होतो, जवळजवळ विझतो. मेकॅनिक मान हलवतो: आत ठीक आहे. बल्ब तसाच पेटलेला राहिला, तर आत कुठंतरी शॉर्ट आहे, आणि मग स्क्रू खोलायचे. ज्याच्याकडे डिमरस्टॅट असतो, तो त्याहून धीरानं घेतो. व्होल्टेज थोडं थोडं चढवतो, मधे थांबतो, पुन्हा चढवतो. तेवढ्या वेळात तो विरलेला थर पुन्हा धरू लागतो.

विसरलेल्या गोष्टीकडे परत जावं, पण पूर्ण दाबानं जाऊ नये.

*

‘चालूच ठेवा’ म्हणणाऱ्यांचा पूर्वज मोठा माणूस होता.

टॉमी फ्लॉवर्स हे ब्रिटिश पोस्ट खात्यातले इंजिनिअर. दुसऱ्या महायुद्धात जर्मन सांकेतिक संदेश फोडण्यासाठी त्यांनी सोळाशेच्या आसपास व्हॉल्व्हचं यंत्र बांधायचं ठरवलं, तेव्हा जाणकारांनी मानेनंच नकार दिला. एवढे व्हॉल्व्ह म्हटल्यावर एखादा ना एखादा सतत उडत राहणार. यंत्र चालणार कधी? फ्लॉवर्स यांनी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये व्हॉल्व्ह वर्षानुवर्षं पाहिले होते. त्यांचं म्हणणं होतं, व्हॉल्व्ह चालू असताना सहसा जात नाही. तो जातो चालू-बंद करताना. एकदा पेटवा आणि विझवू नका. १९४४ साली ब्लेचली पार्कमध्ये ते यंत्र, कोलोसस, चालू झालं आणि चाललं. अमेरिकेतल्या एनिअ‍ॅक या संगणकालाही हाच अनुभव आला. त्याचे अठरा हजारांच्या घरातले व्हॉल्व्ह बहुतेक तापताना आणि निवताना जात. म्हणून तेही चालूच ठेवू लागले.

घरच्या अ‍ॅम्पला मात्र हा दाखला जसाच्या तसा लागू होत नाही. पॉवर व्हॉल्व्हचं आयुष्य काही हजार तासांचं. वर्षाचे तास वर सांगितलेच आहेत. फ्लॉवर्स यांचा सल्ला मानून दिवाणखान्यातला व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प रात्रंदिवस पेटता ठेवला, तर वर्षभरात नव्या व्हॉल्व्हचा खर्च दारात उभा राहील.

थोरांचा सल्ला घ्यावा. त्यासोबत त्यांची अडचणही मागून घ्यावी.

*

खरोखर कधीही बंद न झालेले अ‍ॅम्प्लिफायर पाहायचे, तर समुद्राच्या तळाशी जावं लागेल.

२५ सप्टेंबर १९५६ रोजी स्कॉटलंड आणि न्यूफाउंडलंड यांच्यामध्ये अटलांटिकच्या तळावरून पहिली टेलिफोन केबल सुरू झाली. जाणाऱ्या आवाजाला एक केबल, येणाऱ्या आवाजाला दुसरी. इतक्या अंतरावर आवाज विरून जाणार. म्हणून दर सत्तरेक किलोमीटरवर एक अ‍ॅम्प्लिफायर केबलमध्येच ओवलेला. एका केबलमध्ये ५१, प्रत्येकात तीन व्हॉल्व्ह. तिथं कुणी मेकॅनिक जाणार नव्हता आणि तिथं बटणही नव्हतं. १९७८ साली केबल निवृत्त झाली, तोवर बावीस वर्षं ते अ‍ॅम्प्लिफायर पाण्याखाली जागे होते.

त्यांच्या दीर्घायुष्यात चमत्कार काही नव्हता. ज्यांचा स्वभाव वर्षानुवर्षं पारखलेला होता, असेच जुन्या धाटणीचे व्हॉल्व्ह घेतले आणि त्यांच्याकडून ताकदीपेक्षा कमी काम घेतलं. जो सतत जागा राहणार, त्याच्यावर बेताचाच भार टाकावा. माणसांना रात्रपाळी लावणाऱ्यांनी हे वाक्य वाचून पुढं जायला हरकत नाही.

१९६३ साली वॉशिंग्टन आणि मॉस्को यांच्यातली हॉटलाइन याच केबलवरून गेली. अणुयुद्ध टाळण्यासाठी टेलिप्रिंटरची एक ओळ. आदल्या वर्षी क्यूबाच्या पेचात निरोप पोहोचायला तासन्‌तास लागले होते. आता ओळ कायम उघडी राहणार होती. तिनं एका अशा संदेशाची वाट पाहायची होती, की जो कधी येऊ नये असं दोन्ही टोकांना वाटत होतं. त्या वाट पाहण्यात वीज वाया गेली, असं कुणी म्हटलं नाही.

चालू ठेवणं म्हणजे वाट पाहणं. हे एकदा ध्यानात आलं, की प्रश्न यंत्राचा उरत नाही. कुणाची वाट, एवढंच विचारायचं.

*

शौकिनाचं उत्तर ठरलेलं असतं: गाण्याची. थंड अ‍ॅम्प नीट वाजत नाही. म्हणून तो सदैव तापलेला हवा.

यात तथ्य आहे. ट्रान्झिस्टरमधून गाणं नसतानाही थोडा प्रवाह वाहता ठेवावा लागतो. त्याला बायस म्हणतात. सिलिकॉन एक अंशानं तापलं की त्याचं व्होल्टेज सुमारे दोन मिलिव्होल्टनं उतरतं, आणि त्याबरोबर बायस हलतो. हीटसिंक एका तापमानाला स्थिरावेपर्यंत तो हलतच राहतो. त्याला वीस मिनिटं, अर्धा तास, कधी तासभर लागतो. प्रयोगशाळेतली अचूक मोजमापाची उपकरणंसुद्धा अर्धा तास तापवून मगच वाचतात.

या अर्ध्या तासावर इंग्लंडमध्ये दोन पंथ झाले. सॉल्सबरीच्या नेम कंपनीचे चाहते अ‍ॅम्प महिनोन्‌महिने बंद करत नाहीत. तिकडं हंटिंग्डनच्या पीटर वॉकर यांनी १९७५ साली क्वाड ४०५ काढला. त्याची रचनाच अशी, की मोठ्या ट्रान्झिस्टरना बायस लागतच नाही. त्यांची चूक एक छोटा, चोख अ‍ॅम्प सावरतो. जिथं जुळवायचं काही ठेवलंच नाही, तिथं तापण्याची वाट कशाला पाहायची?

एकानं वाट पाहण्याची व्यवस्था केली, दुसऱ्यानं वाट पाहण्याचं कारण काढून टाकलं. दोघांचेही भक्त आहेत. पहिल्याचे भक्त अधिक बोलतात, कारण त्यांना विजेच्या बिलाचंही समर्थन करायचं असतं.

अ‍ॅम्प तापायला अर्धा तास लागतो, हे मोजलेलं आहे. दिवसभराच्या रस्त्यातून, ऑफिसातून, बातम्यांतून आलेला कान निवायला किती वेळ लागतो, ते कुणी मोजत नाही. पहिल्या आलापाला अ‍ॅम्प कोमट होता आणि तिसऱ्या ख्यालाला गाणं खुललं, याचं श्रेय सगळंच हीटसिंकला देऊ नये.

*

ए वर्गाच्या अ‍ॅम्पचा स्वभाव विचित्र. गाणं नसतं तेव्हा तो सगळ्यात जास्त तापतो.

जॉन लिन्स्ले हूड यांनी ‘वायरलेस वर्ल्ड’ मासिकाच्या एप्रिल १९६९च्या अंकात अशा अ‍ॅम्पचा साधा नकाशा दिला. चार ट्रान्झिस्टर, दहा वॅट. जगभरच्या हौशी लोकांनी तो घरी बांधला आणि अजून बांधतात. दहा वॅट आवाजासाठी तो एका बाजूला २७ व्होल्ट आणि १.२ अ‍ॅम्पियर कायम ओढतो, म्हणजे ३२ वॅट. गाणं असो-नसो, स्टिरिओला ६५ वॅट. सूर लागला की त्यातला थोडा भाग स्पीकरकडे जातो आणि अ‍ॅम्प तेवढा किंचित निवतो.

काम मिळालं की निवणारा आणि रिकामा बसला की तापणारा. अशी माणसं घरोघरी असतात. त्यांनाही सांगून उपयोग नसतो, काम द्यावं लागतं.

*

‘कायम चालू ठेवा’ हे तत्त्वज्ञान जिथं वीज कायम असते, त्या देशांतलं.

आपल्याकडे अ‍ॅम्प कधी बंद करायचा, हे बरेचदा आपण ठरवत नाही. लाइट जाते. जाताना सांगत नाही, येताना तर मुळीच नाही. येते तेव्हा व्होल्टेज वर-खाली उड्या मारत येतं, आणि त्या क्षणी बटण चालू असलेलं प्रत्येक यंत्र तो धक्का छातीवर घेतं. धक्का नको म्हणून जो चालू ठेवला, त्यालाच सगळ्यात वाईट धक्का बसतो.

हे शेतकऱ्याला ठाऊक आहे. थ्री-फेज लाइट ठरावीक तासच, तीही कधी दिवसा, कधी रात्री. रात्री दोनला विहिरीवर कोण जाणार? म्हणून मोटारीला ऑटोस्विच बसवतात: लाइट आली की मोटार आपोआप सुरू. एकट्याच्या सोयीचं आहे. पण शिवारातल्या सगळ्याच मोटारी तयारीत असतात. लाइट येते, सगळ्या एका क्षणी उडी घेतात आणि डीपी जळते. मग ट्रान्सफॉर्मर बदलून मिळेपर्यंत सगळं शिवार कोरडं. ऑटोस्विच काढा, असं महावितरण पुन्हा पुन्हा सांगतं. शेतकरी काढत नाही, आणि रात्री दोनची लाइट जोवर आहे, तोवर त्याला दोषही देता येत नाही.

एकाची तयारी ही शहाणपण. सगळ्यांची एकाच क्षणाची तयारी ही आपत्ती.

*

पावसाळ्यात निकाल फिरतो.

कोकणात, गोव्यात जून ते सप्टेंबर कपाटातल्या कपड्यांना बुरशी धरते. म्हणून कपाटात बारीक बल्ब लावून ठेवणारी घरं आहेत. तिथं कोमट अ‍ॅम्प स्वतःला कोरडा ठेवतो. स्विच, रिले, व्हॉल्यूमचा कान यांना ओल धरत नाही. फिरवताना खरखर कमी. अशा हवेत बंद ठेवणं हीच झीज.

पण उबेला इतरही गिऱ्हाइकं असतात. बाहेर गारठा पडला की मुंग्या, झुरळं, पाली जाळीतून आत शिरतात. एखादी पाल दोन टर्मिनलांच्या मध्ये विसावते, आणि दोघंही जातात. आणि वीज कडाडायला लागली, की कोकणातलं कुठलंही घर वाद घालत बसत नाही. बटण बंद करून भागत नाही, पिनच काढतात. अँटेनाचीही.

विदर्भातल्या मे महिन्यात प्रश्न आणखी सोपा होतो. खोलीतच ४५ अंश असतील आणि अ‍ॅम्प काचेच्या शोकेसमध्ये कोंडलेला असेल, तर त्याला कायम चालू ठेवण्याच्या बाजूनं अरेनियस तर मुळीच बोलणार नाही. हीटसिंकवर तळहात ठेवून पाहावा. सुखानं ठेवता आला तर ठीक. चटकन उचलावा लागला, तर पुस्तक उघडायची गरज नाही.

*

आता भाडं.

मध्यम ताकदीचा, नेहमीच्या एबी वर्गाचा अ‍ॅम्प गाणं नसतानाही ४० वॅट खातो असं धरू. वर्षाला ३५० युनिट. रोजचे तीन तास ऐकण्याचे वजा केले, तरी ३००हून अधिक युनिट नुसत्या वाट पाहण्याचे. डी वर्गाचा नवा अ‍ॅम्प काही वॅटवर भागवतो. त्याचा मालक या वादातून आधीच सुटला आहे.

हे ३०० युनिट आपल्या बिलात एखाद्या ओळीसारखे दिसतात. ती ओळ वाचायची असेल तर चंद्रपूरला जावं. तिथल्या महाऔष्णिक केंद्राची क्षमता २,९२० मेगावॅट. एका युनिटला अर्धा-पाऊण किलो कोळसा लागतो. म्हणजे एका घरातल्या एका पेटीच्या मुक्या तासांसाठी वर्षाला दीड-दोनशे किलो. कोळसा तिथं जळतो, राख तिथं पडते, ऊन तिथलंच तापतं. गाणं इथं वाजतं. आणि या तासांत तर तेही वाजत नाही.

सज्जतेला भाडं पडतं. आपण ते भरतो असं आपल्याला वाटतं. आपण फक्त पैसे भरतो.

*

चालू आणि बंद यांच्या मधली वाट आजीला ठाऊक होती. रात्री चुलीतला निखारा ती राखेखाली झाकून ठेवायची. सकाळी फुंकर घातली की विस्तव तयार. धूर नाही, जाळ नाही, लाकूड जवळजवळ नाही. स्टँडबाय म्हणजे एवढंच.

फक्त राख पुरेशी हवी. एकेकाळी यंत्रं स्टँडबायमध्येही भरपूर वीज खात. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेनं १९९९ साली एक वॅटची मर्यादा सुचवली. युरोपनं कायदा करून २०१३पासून ती बहुतेक घरगुती उपकरणांना अर्ध्या वॅटवर आणली. वर्षाला साडेचार युनिटांहूनही कमी. एवढं भाडं कुणालाही परवडावं.

पण शहाण्या यंत्राची एक खोड असते. काही वेळ आवाज आला नाही, की हा अ‍ॅम्प आपणहून झोपतो. रात्री घरची माणसं निजल्यावर कुणी अगदी हळू, कानापुरती सारंगी लावतं. सूर इतका बारीक, की अ‍ॅम्पला तो लागतच नाही. वीस मिनिटांनी बंदिशीच्या मध्यावर ‘टक्’. यंत्राच्या लेखी घरात कुणी नव्हतं.

हळू बोलणारा गैरहजर धरला जातो. ही रीत यंत्रानं आपल्याकडूनच उचलली.

*

मांडवातल्या साउंडवाल्याला हा वाद माहीत नाही, पण एक नियम त्याच्या हातात भिनलेला असतो: चालू करताना अ‍ॅम्प शेवटी, बंद करताना अ‍ॅम्प आधी. आधी मिक्सर, मग अ‍ॅम्प; आवरताना उलट. क्रम चुकला, तर मिक्सर चालू-बंद होतानाचा ‘धप्प’ शंभर पटीनं मोठा होऊन स्पीकरच्या पडद्यावर आदळतो.

ज्याच्या हातात मोठं करण्याची ताकद आहे, त्यानं सगळ्यांच्या नंतर तोंड उघडावं आणि सगळ्यांच्या आधी मिटावं. सभेत हा नियम अ‍ॅम्प पाळतो. व्यासपीठ पाळत नाही.

आणि रात्री दहानंतर उघड्यावरचा लाउडस्पीकर बंद, हे २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी ठरवून दिलेलं आहे. कायम चालू राहण्याची हौस कायद्यालाही परिचयाची दिसते.

*

बंद ठेवलेलं मरतंच, या भीतीवरचा उतारा आकाशात आहे.

व्हॉयेजर १ हे यान १९७७ साली निघालं. त्याच्यावर दोन ट्रान्समीटर आहेत. जास्त शक्ती खाणारा एक्स-बँडचा रोजच्या कामाला. एस-बँडचा १९८१पासून वापरात नव्हता. ऑक्टोबर २०२४मध्ये यानाला वीज पुरेना, तेव्हा त्यानं स्वतःच मोठा ट्रान्समीटर बंद केला आणि हा दुसरा लावला. त्रेचाळीस वर्षं न बोललेलं यंत्र सुमारे २५ अब्ज किलोमीटरांवरून बोललं. आवाज क्षीण होता, पण पृथ्वीवरच्या मोठ्या थाळ्यांना तो लागला.

विश्रांतीनं सगळंच गंजत नाही. कुठल्या बांधणीचं काय आहे, यावर ते ठरतं. आणि घरात वीज कमी असेल, तेव्हा कोण गप्प राहायचं, हे ठरवता येणं ही त्या यानाची खरी अक्कल.

*

तेव्हा नियम असा करावा.

दिवसातून पाच-सहा वेळा ऐकत असाल, तर सकाळी लावा आणि रात्री बंद करा. प्रत्येक वेळी बटणाशी खेळू नका. संध्याकाळी एकदाच ऐकत असाल, तर अर्धा तास आधी लावा. तो अर्धा तास अ‍ॅम्पला हवा आहे, आणि तुम्हालाही. व्हॉल्व्हचा असेल तर ऐकून उठताना बंद. ए वर्गाचा असेल तर तोच नियम अधिक कडकपणे. डी वर्गाचा असेल तर दुसरा एखादा वाद शोधा. महिनाभर न लावलेला अ‍ॅम्प एखाद्या रविवारी तासभर चालवा. न ऐकता चालवलेला तो तास मात्र वाया नाही. घराला कुलूप लावून गावाला निघालात, तर पिन काढा, कारण बिघडलेला अ‍ॅम्प स्पीकरमध्ये सरळ डीसी सोडू शकतो, आणि मग वास घ्यायलाही घरात कुणी नसतं.

एवढं करूनही तो एक दिवस जाईलच. कंडेन्सर सुकेल, किंवा डाग सुटेल. तेव्हा दुसऱ्या पक्षाचा मित्र येऊन सांगेल, “मी म्हटलं नव्हतं?” त्याला चहा द्यावा.

*

आपण अ‍ॅम्प चालू ठेवतो ते त्याच्या आयुष्यासाठी, असं आपण सांगतो. आवाजासाठी, असंही सांगतो. खरं कारण बहुधा लहान असतं: आपल्याला थांबायला नको असतं. इच्छा झाली की सूर हजर हवा. ही हाव मोठी नाही, पण चोवीस तास जळते.

समुद्राच्या तळाशी ते अ‍ॅम्प्लिफायर बावीस वर्षं जागले, कारण पलीकडच्या किनाऱ्यावर कुणीतरी, कधीही, काहीही सांगणार होतं. कोलोसस जागं राहिलं, कारण समोर युद्ध होतं. कायम चालू राहण्याचा हक्क दुसऱ्याच्या गरजेनं मिळतो. आपल्या हौसेनं मिळते ती फक्त सवय.

रात्री-अपरात्री कुणाची हाक येईल हे सांगता येत नाही, म्हणून प्रत्येक घरात काही गोष्टी चालू ठेवाव्याच लागतात: फोन, दाराची बेल आणि हाकेला ओ देणारं एखादं माणूस. अ‍ॅम्प्लिफायर त्या यादीत येत नाही.